डॉक्टरांच्या डावीकडची खुर्ची

क्लबात आल्याआल्या सिस्टर कधी खेळायला बसत नसे. चहाचा कागदी कप हातात घेऊन ती आधी चारही टेबलांभोवती एक फेरी मारी. बघणाऱ्याला वाटावं, बाई पाय मोकळे करतायत. पण सव्वीस वर्षं वॉर्डात राउंड घेतलेली बाई ती. कुठल्या टेबलावर हसणंखिदळणं चाललंय, कुठे पाच-सहा जण प्रत्येक डावात उड्या घेतायत, कोण हरलेलं भरून काढायच्या घाईत आहे आणि कोण नुसता दगडासारखा बसून चांगल्या पानांची वाट बघतोय, हे तिला एका फेरीत कळे. दगडांच्या टेबलावर ती कधी बसली नाही. एक वेळ तासभर बाकावर बसून राहील, पण तिथे नाही.

नव्या माणसाला पोकर हा पत्त्यांचा खेळ वाटतो. सिस्टरच्या मते तो खुर्च्यांचा खेळ होता. त्यातून ती खेळायची तो लिमिट. त्यात बेट, म्हणजे लावायची रक्कम, ठरलेली असते, पहिल्या दोन फेऱ्यांना लहान आणि पुढच्या दोन फेऱ्यांना दुप्पट. सगळ्या चिप्स पुढे लोटून समोरच्याची छाती दडपवायची सोय नाही. इथे मोठा हात मारता येत नाही, थेंब थेंब साठवावं लागतं. आणि ते थेंब मिळतात कुठून? तर समोरचा आधी बोलतो, म्हणजे आपली चाल सांगतो, आणि आपण नंतर, यातून. डावीकडचा माणूस उजवीकडच्याच्या मागून बोलतो. म्हणून टेबलावरचा सगळ्यात कच्चा खेळाडू आपल्या उजव्या हाताला असावा. तो काय करतो ते बघायचं आणि मग आपलं ठरवायचं. बस्स, एवढंच.

हे सगळं तिला एका ट्रकचालकाने शिकवलं होतं. मांडीचं हाड मोडून, पायाला वजनं लटकवून तो अकरा आठवडे तिच्या वॉर्डात पडून होता. तो घरी गेला, त्याचा खेळ मात्र मागे राहिला. पुढे पेशंट उचलून उचलून सिस्टरची कंबर कायमची गेली, नोकरी मुदतीआधीच सुटली, आणि हातात आलं ते पेन्शन मीठ-मिरचीलाही पुरेना. तेव्हा हा खेळ कामाला आला. गेली सहा वर्षं ती रोज अकराला क्लबात येई आणि सहाच्या ठोक्याला उठे. जिंकत असो वा हरत असो, सहा म्हणजे सहा. ती खेळायला जात नव्हती, ड्यूटीवर जात होती. ड्यूटीचा येतो तसाच शीण तिला या कामाचाही यायला लागला होता.

घरी थोरली बहीण होती. गुडघे जाम झाल्यापासून ताईचं जग दोन खोल्या आणि एक गॅलरी एवढंच उरलं होतं. जिभेवर मात्र गंज चढला नव्हता.

"आज कोणाचं कातडं सोललंस?" सिस्टरने चपला काढल्या की ताई विचारी.

"एका केसांचे टोप विकणाऱ्याचं."

"अगं बाई! त्याच्याकडे दुसरं तरी आहे. आणि काय गं, आयुष्यभर कोण जास्त आजारी आहे ते शोधत फिरलीस, आता कोण जास्त मूर्ख आहे ते शोधत फिरतेस. काम तेच की."

सिस्टर हसे. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर ते वाक्य कंबरेसारखं ठसठसत राही.

एका मंगळवारी ती फेरी मारत असताना दोन नंबरच्या टेबलावर तिला एक पाठ दिसली. उंच, खांदे किंचित पुढे, मान ताठ. चेहरा बघायची गरजच पडली नाही. त्या पाठीमागे ती नऊ वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये वावरली होती. हे डॉक्टर म्हणजे साक्षात जमदग्नी. कात्री हातात पडायला क्षणाचा उशीर झाला तर ट्रे भिरकावून देत. पण पोट उघडल्यावर त्यांचे हात चालायला लागले की सगळं थिएटर श्वास रोखून बघत राही.

ती समोरून गेली. डॉक्टरांनी तिच्याकडे बघितलं आणि नजर पुढे नेली. ओळख नाहीच. त्यात नवल नव्हतं. तेव्हा तिच्या तोंडावर सदा मास्क असे.

दहा मिनिटं ती बघत राहिली. डॉक्टर प्रत्येक डावात उतरत होते. पानं कसलीही असोत, कॉल, म्हणजे तेवढे पैसे भरून डावात राहायचं. कोणी रेझ केली, रक्कम वाढवली, तरी कॉल. हातात काही नसताना शेवटच्या फेरीपर्यंत कॉल. टेबलावरच्या बाकीच्यांचे चेहरे लग्नाच्या पंगतीत बसल्यासारखे झाले होते.

सिस्टर थेट यादीवाल्याकडे गेली. क्लबात कोण कुठे बसणार याची यादी त्याच्या हातात असे, म्हणून त्याचं नावच यादीवाला पडलं होतं.

"दोन नंबरवर, त्या उंच साहेबांच्या डावीकडची खुर्ची. रिकामी झाली की मला."

"सिस्टर, तुमच्या आधी वकीलसाहेबांनी सांगून ठेवलंय."

"वकील जेवायला गेलेत."

यादीवाल्याने पेन कानामागे खोचलं आणि हसला. "तुमचं लक्ष म्हणजे ना!"

ती खुर्ची तिला मिळाली, आणि पुढचे तीन आठवडे तिने ती सोडली नाही. डॉक्टरांनी कॉल केला की ती लगेच वरून रेझ करायची. वाढलेली बेट भरायला मागचे लोक कचरत आणि पानं टाकून देत. मग उरत दोघंच, डॉक्टर आणि ती. आणि दर वेळी आधी बोलणार डॉक्टर. त्या तीन आठवड्यांत तिने जेवढं जिंकलं तेवढं एरवी तीन महिन्यांत जिंकलं नसतं. ताईसाठी गुडघ्याचे पट्टे आले, गॅलरीत आरामखुर्ची आली. तरी घरी जाताना जिन्याची पायरी न् पायरी तिला जड जाई.

कारण तिला दिसत होतं. बाकीच्यांना वाटे, म्हातारा हौशी आहे, पैसेवाला आहे, उडवू दे. सिस्टरला दिसे की डॉक्टर आपली दोन पानं उचलून बघतात, ठेवतात, आणि लगेच पुन्हा बघतात. तीनतीनदा. आपली बोलायची वेळ आली हे त्यांना डीलरने सांगावं लागतं. "आपण कुठे काम करता?" असं त्यांनी तिला सोमवारी विचारलं, आणि बुधवारी अगदी तेवढ्याच अदबीने पुन्हा विचारलं. एकदा डाव संपल्यावर त्यांनी आपली पानं उलटी केली, एक राणी आणि एक नश्शी, आणि म्हणाले, "तीन राण्या."

मध्ये सगळ्यांसाठी उघड्या मांडलेल्या पाच पानांत एकच राणी होती.

"जोडी आहे साहेब, तीन नाहीत," डीलर म्हणाला.

डॉक्टर मधल्या पानांकडे बघत राहिले. वकील तोंडावर हात धरून हसला. सिस्टरला हसू आलं नाही. आधीच्या डावात मध्ये दोन राण्या पडल्या होत्या. डॉक्टर तो संपलेला डावच अजून खेळत होते.

त्या संध्याकाळी तिने ताईला सगळं सांगितलं.

"म्हणजे म्हातारा वेडगळ नाही, आजारी आहे," ताई म्हणाली.

"हो."

"आणि तुला हे कधीपासून माहीत आहे?"

सिस्टर चपला नीट लावत राहिली.

"मग आता बोल त्याच्याशी. नाहीतर मला तरी सांगू नकोस. एक तर हे पट्टे मला काचतायत."

दुसऱ्या दिवशी दुपारी टेबलावरून पत्त्यांची जुनी गड्डी काढून नवी आणताना पाच-सात मिनिटं खेळ थांबला. डॉक्टर खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. खाली रस्त्यावर कुणीतरी फ्रिज उतरवत होतं. सिस्टर शेजारी जाऊन उभी राहिली.

"सर, मी तुमच्या थिएटरला होते. नऊ वर्षं."

डॉक्टरांनी तिच्याकडे निरखून बघितलं. "असेल. मी ट्रे फेकला होता का तुमच्यावर?"

"दोनदा."

"मग नक्कीच असाल."

ती हसली आणि मग धीर करून म्हणाली, "सर, राग मानू नका. तुम्ही कुणाला दाखवलंय का? विसरायला होतंय त्याबद्दल?"

तिला वाटलं, आता भडका उडणार. पण डॉक्टर खाली त्या फ्रिजकडेच बघत होते. दोघं हमाल तो जिन्यात तिरका करून बघत होते, बसत नव्हता.

"दाखवलंय. मेंदूचे फोटो काढलेत, औषध चालू आहे. सिस्टर, मी डॉक्टर आहे. पुढे काय होणार ते मला त्या पोरसवदा डॉक्टरपेक्षा जास्त माहीत आहे. घरी गाडीची किल्ली काढून घेतली. बरोबर केलं. मग सह्या बंद झाल्या. तेही बरोबर. आता जेवायला काय करायचं तेही मला कुणी विचारत नाही. सगळं माझ्यावाचून ठरतं. आणि इथे? इथे मी बोलल्याशिवाय पुढच्याला बोलता येत नाही. अख्खं टेबल थांबतं. तुम्हीसुद्धा थांबता."

सिस्टरही खाली फ्रिजकडे बघायला लागली.

"तुम्ही माझ्या डावीकडे का बसता तेही कळतं मला," डॉक्टर म्हणाले. "अजून कळतं."

ती टेबलाकडे परत गेली ती चिप्स गोळा करायलाच. यादीवाल्याला तिने सांगितलं, मला दुसरीकडे बसव. दुसरीकडे म्हणजे चार नंबर. तिथे एक निवृत्त स्टेशनमास्तर, एक शिंपी आणि बाकी तिच्यासारखेच रोजंदारीवर आल्यागत खेळणारे. सगळे दगड. जो तो दुसऱ्याच्या चुकीची वाट बघतोय आणि चूक कुणीच करत नाही. मधल्या मध्ये प्रत्येक डावातून क्लबाचा वाटा तेवढा कापला जातोय. सिस्टरने तिथे चार दिवस काढले आणि चारही दिवस हरली.

पण जीव रडकुंडीला आला तो त्यामुळे नाही. डॉक्टरांच्या डावीकडे आता वकील बसला होता. तो बसल्या जागी बोटांनी चिप्स खुळखुळवायचा. "साहेब, तुमचं चाललंय. साहेब, आज बोलणार का उद्या? साहेब, पानं तुमच्या हातातच आहेत, खाली काय शोधताय?" टेबल हसे. डॉक्टर गांगरत आणि घाईघाईने काहीतरी करून बसत. एकदा तर जिंकलेली पानं त्यांनी टाकून दिली, केवळ वकिलाने घड्याळाकडे बघितलं म्हणून.

सिस्टर यादीवाल्याकडे गेली. "सरांना बसवू नकोस रे. माणूस आजारी आहे."

यादीवाला वाईट माणूस नव्हता. त्याने इकडेतिकडे बघून आवाज खाली आणला. "सिस्टर, त्या एका माणसामुळे दोन नंबरचं टेबल चालतं. त्यांच्याशेजारी बसायला लोक तासतासभर थांबतात, थांबतात म्हणून बाकीची टेबलं भरतात. मी काय सांगू मालकाला? आणि खरं सांगू का? तीन आठवडे तुम्ही तिथेच होतात. तेव्हा ते आजारी नव्हते का?"

हे तोंडात मारल्यासारखं लागलं, कारण खरं होतं.

त्या दिवशी ती सहाऐवजी साडेपाचलाच उठली आणि खाली जाऊन दारापाशी उभी राहिली. डॉक्टरांना न्यायला त्यांची मुलगी येते हे तिला माहीत होतं. करड्या रंगाची गाडी आली. चाळिशीची बाई, केस कसेबसे बांधलेले, ब्लाउजची एक बाही आत दुमडलेली. सिस्टरने काचेवर टकटक केली.

"तुमच्या वडिलांबद्दल बोलायचं होतं. त्यांना इथे आणू नका. लोक त्यांना लुटतायत. मीही लुटलंय."

मुलीने इंजिन बंद केलं. "तुम्ही सिस्टर का?"

"त्यांनी सांगितलं?"

"रोज सांगतात. तिथे माझी सिस्टर असते म्हणतात. ती शेजारी असली की हात थरथरत नाही म्हणतात. मला माहीत आहे ते हरतात. आठवड्याला ठरलेली रक्कम मी स्वतः त्यांच्या खिशात घालते. घरी माणूस ठेवून बघितला, बाबांनी त्याला बाथरूममध्ये कोंडला. दुसरा ठेवला, तो आपणहून पळाला. इथे ते सहा तास शांत असतात. त्या सहा तासांत मी कपडे धुते, आंघोळ करते, एक तास झोपते. तुम्हाला वाटत असेल, काय मुलगी आहे."

"मला तसं काही वाटत नाही," सिस्टर म्हणाली. आणि खरंच वाटत नव्हतं. वॉर्डाच्या पॅसेजमध्ये भिंतीला टेकून उभ्या उभ्या झोपलेल्या अशा कितीतरी मुली तिने पाहिल्या होत्या.

"चार दिवस झाले, फार चिडचिड करतायत. तुम्ही जागा बदललीत का?"

"हो."

"मग परत बसाल का तिथे? जिंका हवं तर. तुम्ही जिंकलात तर मला काही वाटणार नाही."

दुसऱ्या दिवशी सिस्टर दहालाच येऊन क्लबाच्या दाराशी उभी राहिली. दार उघडल्यावर यादीत पहिलं नाव तिचं, आणि वकील आला तेव्हा खुर्ची भरलेली होती. तो कुरकुरला. तिने वर बघितलंही नाही.

त्यानंतर पावणेदोन महिने ती तिथे बसली. डॉक्टर पानं बघायचे, पुन्हा बघायचे, आणि टेबलावरून कुणी च्यक् केलं की सिस्टर म्हणायची, "थांबा. सर विचार करतायत." तो आवाज वॉर्डातला होता, पुढे कोणी च्यक् केलं नाही. पानं कोणती, काय करावं, हे ती चुकूनही बोलली नाही. एकाच्या डावात दुसऱ्याने तोंड घालायचं नाही हा क्लबाचा नियम, आणि तो तिला पटत होता. सुरुवातीला एकदा तिने जिंकणारी पानं मुद्दाम टाकून दिली. डॉक्टरांनी चिप्स ओढून घेता घेता तिच्याकडे बघितलं आणि खालच्या आवाजात म्हणाले, "सिस्टर, असलं करू नका. मी अजून मेलो नाही." मग ती जशी खेळायची तशीच खेळायला लागली. जिंकतही होती. फक्त मागच्या लोकांना हुसकवायला करायची ती वरची रेझ तिने बंद केली. त्यामुळे तिचं जिंकणं निम्म्यावर आलं. पण त्यावर तिने फार विचार केला नाही. संध्याकाळपर्यंत इतकी दमलेली असे की विचार करायला त्राणच उरत नसे. एका माणसाचं भान दोघांत मिळून सांभाळायचं, वर आपलाही डाव खेळायचा. अशी ड्यूटी तिने नोकरीतही केली नव्हती.

एका गुरुवारी, दीडच्या सुमारास, डीलरने पानं वाटली. डॉक्टरांनी आपली दोन उचलली. बघितली. पुन्हा बघितली. मग ती सगळ्यांसमोर उघडी मांडली आणि सिस्टरकडे वळून अगदी सभ्यपणे विचारलं, "हे काय आहे?"

कोणी हसलं नाही. समोर बसलेला वकीलसुद्धा नाही. त्याने आपली पानं हळूच टाकली आणि खिडकीकडे बघायला लागला.

सिस्टरने हात वर करून यादीवाल्याला बोलावलं. "सरांचं नाव काढ यादीतून. उद्यापासूनही घालू नकोस." यादीवाल्याने एकदा डॉक्टरांकडे बघितलं, कानामागचं पेन काढलं आणि नाव खोडलं. डॉक्टरांच्या चिप्स त्याने स्वतः जाऊन वटवून आणल्या. सिस्टरने मुलीला फोन केला आणि डॉक्टरांचा हात धरला. "चला सर, आजची लिस्ट संपली."

"सगळ्या केसेस झाल्या?"

"सगळ्या."

"छान," डॉक्टर म्हणाले आणि उठले.

जिन्यात त्यांना पायरी दिसेना. सिस्टरने एक हात कठड्याला आणि एक त्यांच्या काखेत घातला. कंबरेतून कळ निघाली, पण मागच्या सवयीने पाऊल बरोबर पडलं. खाली गाडी येईपर्यंत दोघं दुकानाच्या पायरीवर बसले. डॉक्टर येणाऱ्याजाणाऱ्यांकडे बघत होते, शांत.

मुलगी आली. तिने वडिलांचा चेहरा बघितला आणि तिला काही विचारावं लागलं नाही. त्यांना सीटचा पट्टा बांधताना मात्र तिचे हात थांबले. "आता काय करू हो मी? चोवीस तास?"

सिस्टरने कंबरेवर हात ठेवला. "मला उचलायला जमणार नाही. कंबर नाही उरली."

"उचलायला मी आहे. तुम्ही नुसत्या बसा."

"आठवड्यातले तीन दिवस. अकरा ते सहा. आणि थोरली बहीण आहे माझी, इतकी वर्षं एकटी जेवतेय, तिलाही रिक्षात घालून घेऊन येईन. तोंडाने जरा फटकळ आहे."

मुलगी एकदम हसली आणि हसता हसताच तिने डोळे पुसले. "आमच्याकडे सगळे तसेच आहेत. बसा, घरी सोडते तुम्हाला."

सिस्टर मागच्या सीटवर बसली. पाठ टेकल्यावर तिला कळलं की आपण सकाळपासून पाठ टेकलीच नव्हती. पुढे डॉक्टर मान एका बाजूला टाकून झोपले होते. मुलीने काहीतरी विचारलं, डावीकडे वळायचं की सरळ, असं काहीतरी. सिस्टरला उत्तर द्यायचं होतं, पण तोवर तिचाही डोळा लागला होता. मुलीने आरशात बघितलं, गाडी रस्त्याच्या कडेला सावलीत घेतली आणि दोघांना थोडं झोपू दिलं.